कानपूरची .३२ खरंच एवढी टाकाऊ आहे का? बदनाम हँडगनबद्दल जाणकारांना विचारणा

रावेर_केळीपट्टा

राम राम मंडळी. एनपीबी (नॉन-प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सर्वसामान्यांना परवाना मिळतो त्या नळीच्या मापाच्या) हँडगनचा परवाना मंजूर झालाय. कारण स्वसंरक्षण, क्षेत्र महाराष्ट्र. डीलरकडे तीन पर्याय आहेत: कानपूरची नवी .३२ रिव्हॉल्व्हर, एका परवानाधारकाचं वापरलेलं 'अशनी' .३२ पिस्तूल, आणि एक जुनी इंग्लिश वेबली. वेबलीचा भाव ऐकला आणि केळीचा अख्खा हंगाम डोळ्यांसमोरून गेला.

ज्याला विचारावं तो एकच सांगतो, 'ऑर्डनन्सचं (सरकारी शस्त्र कारखान्यांचं) काही घेऊ नको, नुसतं लोखंड आहे, पैसे साठव आणि फॉरेनची घे.' दोष नेमका कोणता, हे मात्र कुणी सांगत नाही. बदनामी कुठे खरी आणि कुठे ऐकीव? वापरलेला नग घेताना काय बघायचं? आणि आपल्याकडच्या ४५ डिग्रीत, वर केळीच्या बागेतल्या दमटपणात, काय टिकतं?

भुसावळ_जंक्शन

भाऊ, आधी 'फॉरेनची घे' या सल्ल्याचं बघू. सर्वसामान्य परवानाधारकासाठी हँडगनची आयात १९८० च्या दशकातच बंद झाली. म्हणजे बाजारात जी फॉरेनची वॉल्थर किंवा वेबली फिरते ती कमीत कमी चाळीस वर्षं जुनी, चार-पाच हातांतून गेलेली. तिला जे लाख पडतात त्यातला मोठा भाग टंचाईचा आहे, दर्जाचा नव्हे. वर स्प्रिंग किंवा फायरिंग पिन गेली की सुटा भाग मिळत नाही. कारागीर घडवून देईल ते आणि तसं.

आता कानपूरची. स्मॉल आर्म्स फॅक्टरीची ही .३२ मुळात वेबली मार्क ४ च्याच आराखड्यावर आहे. टॉप-ब्रेक, सहा गोळ्या. अंगठ्याने कॅच दाबला की बॅरल पुढे वाकतं आणि मधला तारा सहाही पुंगळ्या एकदम वर उचलतो. म्हणजे जी इंग्लिश म्हणून लोक डोक्यावर घेतात आणि जिला 'ऑर्डनन्सचं लोखंड' म्हणतात, त्या दोघी एकाच घरातल्या.

खरे दोष तीन. पहिला, फिनिश. ट्रिगर गार्डच्या आतली कड आणि हॅमरचा स्पर (अंगठ्याने ओढायचं टोक) यांवर यंत्राच्या खुणा राहिलेल्या असतात, काही नगांत बोटाला टोचतात. दुसरा, डबल अ‍ॅक्शनमध्ये (हॅमर आधी न ओढता नुसता ट्रिगर दाबून चालवताना) ट्रिगर फार जड. सगळ्यात जास्त शिव्या याच्याच. तिसरा, नगानगात फरक. एक लोण्यासारखी चालते आणि त्याच खेपेतली दुसरी मध्येच अडखळते. म्हणून डीलरकडे दोन-तीन नग समोर ठेवायला लावा. मॉडेल निवडण्यापेक्षा नग निवडणं इथे जास्त महत्त्वाचं आहे.

जड ट्रिगरमुळे काय होतं? बोट जोर लावतं तसं मनगट वळतं आणि उजव्या हाताने चालवणाऱ्याची गोळी खाली-डावीकडे जाते. मग तो म्हणतो, 'साइट वाकडी आहे.' साइट फिक्स्ड आहे, तिला हात लावू नका. हॅमर मागे ओढून सिंगल अ‍ॅक्शनमध्ये टेकूवरून सहा गोळ्या रेंजवर चालवा. गट (छिद्रांचा पुंजका) मधोमध आला तर साइट ठीक आहे, दोष बोटाचा. त्यावर उपाय म्हणजे घरी स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस) घालून सराव. खोलीत एकही जिवंत काडतूस नको, तोंड भक्कम भिंतीकडे, आणि बॅरलवर पुढे एक रुपयाचं नाणं ठेवून डबल अ‍ॅक्शन ओढायची. नाणं पडायचं बंद झालं की गट आपोआप जुळतो. स्नॅप कॅप नसेल तर रिकाम्या चेंबरवर खटाखट हॅमर मारू नका. जुन्या आराखड्यात पिनला त्याचा मार बसतो.

आणि एक विनंती. ट्रिगर हलका करतो म्हणून कुणी स्प्रिंग कापून देत असेल तर तिथून उठून या. स्प्रिंग कमजोर झाली की हॅमर प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या टोपीवर) हलका पडतो आणि गोळी ऐनवेळी फुसकी जाते. हलक्या ट्रिगरपेक्षा हे केव्हाही महाग.

तापीकाठ

भुसावळकरांनी नवीचं सांगितलं, मी तपासणीचं सांगतो. वापरलेली रिव्हॉल्व्हर घेणाऱ्या सगळ्यांनाच हे लागू आहे, वेबलीसकट.

जाताना टू-व्हीलर गॅरेजवाल्याकडून फीलर गेज मागून न्या, तोच ज्याने टॅपेट सेट करतात. डीलरसमोर नग रिकामा असल्याची दोनदा खात्री करा. मग सिलिंडर आणि बॅरल यांच्यामधली फट मोजा. ०.१० ते ०.२५ मिलिमीटर म्हणजे ठीक. ०.३० ची पात सहज जात असेल तर तो नग सोडा. तिथून गॅस आणि शिशाचे कण बाजूला उडतात, गोळीचा जोरही घटतो. उलट ०.०५ ची पातही जात नसेल तर पाच-सहा फैरींत काजळी धरून सिलिंडर फिरायला जड होईल. मोजमाप सहाही चेंबरसमोर घ्या. एका ठिकाणी ०.१२ आणि समोरच्या चेंबरला ०.२५ आलं तर सिलिंडर तिरका घासलाय.

नंतर हॅमर हळूहळू ओढून पूर्ण मागे न्या आणि त्या क्षणी सिलिंडर बोटाने हलवून बघा. केसाएवढं डुगडुगणं चालतं. पण हॅमर बसला आणि सिलिंडर अजून जागेवर 'टक' करून अडकलाच नाही, तर टायमिंग गेलंय. अशा नगात चेंबर आणि बॅरल एका रेषेत येत नाहीत आणि गोळी बॅरलच्या मागच्या तोंडाशी कड खरवडत आत शिरते. सहाही चेंबर तपासा, आणि हॅमर झटकन नको, हळूच ओढा. झटक्यात ओढलं की सिलिंडर स्वतःच्या वेगाने जागेवर जातो आणि दोष झाकला जातो. विकणारा नेमकं झटक्यातच ओढून दाखवतो.

टॉप-ब्रेकची दुखरी जागा म्हणजे कॅच आणि बिजागरी. बंद करून एका हाताने मूठ आणि दुसऱ्याने बॅरल धरा, वर-खाली हलवा. तिथे खटखट वाजलं तर नको. सिनेमात मनगटाच्या झटक्याने बंद करतात ना, तसं करणाऱ्याच्या हातची रिव्हॉल्व्हर इथेच सैल होते. दोन हातांनी बंद करायची असते.

बॅरलमध्ये पाठीमागून पांढरा कागद धरून बघा. खाचा धारदार दिसल्या पाहिजेत. काळे ठिपके म्हणजे गंजाने खाल्लेलं. एखादा फिकट ठिपका चालेल. पण बॅरलमध्ये गोल अंगठीसारखी सावली दिसली तर आत कधीतरी गोळी अडकून मागून दुसरी मारलेली आहे, बॅरल फुगलंय. तो नग फुकट दिला तरी घेऊ नका.

पुंगळ्या काढताना बॅरलचं तोंड वर नव्हे, खाली असलं आणि हळूच उघडलं, तर एखादी पुंगळी ताऱ्याखाली सरकते आणि मग रिव्हॉल्व्हर बंदच होत नाही. 'ऑर्डनन्सची जाम होते' ही तक्रार बहुतेक वेळा हीच असते. तोंड वर करून एका दमात पूर्ण उघडा, सहाही खाली पडतात. ताऱ्याखाली जळकी पावडर साठली तरी तोच त्रास. जुना टूथब्रश पुरतो.

धुळे_बायपास

रिव्हॉल्व्हरवाल्यांनी 'अशनी'ला वाळीत टाकू नये म्हणून लिहितो. :)

सगळ्यात आधी एक खबरदारी. दोन्हींवर .३२ लिहिलेलं असतं, पण काडतुसं वेगळी. रिव्हॉल्व्हरचं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग: लांब पुंगळी, पूर्ण कड, ९८ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) आसपास गोळी. पिस्तुलाचं .३२ एसीपी: आखूड, ७१ ग्रेन, दाब जास्त. एसीपीची पुंगळी जवळजवळ तेवढ्याच जाडीची असल्यामुळे रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये जाऊन बसते आणि इथेच लोक फसतात. ती त्यात चालवायची नाही. काडतुसं घेताना डब्यावरचं पूर्ण नाव वाचा, 'बत्तीस द्या' म्हणून मोकळं होऊ नका.

आता 'अशनी'. हे साधं ब्लोबॅक पिस्तूल आहे. बॅरल जागेवर घट्ट, स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) स्वतःच्या वजनावर आणि स्प्रिंगवर अडून राहते. म्हणून स्प्रिंग कडक, स्लाइड ओढायला जोर लागतो आणि एवढ्याशा काडतुसाला झटका मात्र तीक्ष्ण वाटतो. हात घट्ट नसेल तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही, पुंगळी खिडकीत उभी अडकते आणि बदनामी पिस्तुलाची होते.

दुसरा प्रकार फार कमी जणांना माहीत असतो. .३२ एसीपीच्या पुंगळीची कड किंचित बाहेर असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे जाऊन बसली तर वरचं काडतूस पुढे सरकतच नाही. स्लाइड त्याला ढकलते आणि अडते. भरताना प्रत्येक काडतूस पुढून दाबून मागे सरकवा आणि वरच्याची कड खालच्याच्या पुढे आहे ना हे बाजूच्या भोकांतून बघा. पूर्ण जॅकेटच्या (शिशावर धातूचं वेष्टण असलेल्या) नेहमीच्या लांबीच्या गोळीत हा प्रकार क्वचित होतो, आखूड गोळीत जास्त. झालाच तर स्लाइडशी झोंबाझोंबी करू नका. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, बारीक लाकडी काडीने खालचं काडतूस दाबा आणि वरचं पुढे ओढून घ्या.

वापरलेल्या 'अशनी'त खरा वांधा मॅगझिनच्या ओठांचा (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या दोन कडांचा). एक ओठ पसरलेला असेल तर काडतूस तिरकं उडी मारतं आणि फीड रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) नाक आपटतं. मॅगझिन सरळ धरून वरून बघा, दोन्ही ओठ समांतर हवेत. विकणाऱ्याकडे दोन मॅगझिन असतील तर दोन्ही मागा, दोन्हींवर चाचणी करा. एका मॅगझिनमध्येच अडत असेल तर दोष पिस्तुलाचा नाही, म्हणजे भाव पाडून घ्यायला चांगलं कारण मिळालं. फीड रॅम्पवर बोट फिरवून खरखर लागली तर परवानाधारक आर्मररकडून फक्त पॉलिश करून घ्या. घासून आकार बदलायचा नाही.

खिशात किंवा कमरेला ठेवायला हे चपटं, रिव्हॉल्व्हरचा फुगवटा यात नाही. दुकानात किंवा गाडीत दिवसभर बसणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो. पण चेंबरमध्ये गोळी ठेवून हिंडणं मला पटत नाही. चेंबर रिकामं, मॅगझिन भरलेलं, आणि स्लाइड ओढण्याचा सराव पक्का.

पारोळा_नाका

एवढं सगळं कशाला, सातपुड्यापलीकडून याच्या दहाव्या हिश्शात मिळतं की.

तापीकाठ

@पारोळा_नाका, परवान्याच्या धाग्यात हा विषय नको. गावठी कट्टा बाळगणं सरळ आर्म्स अ‍ॅक्टखाली तुरुंगाचा रस्ता आहे. आणि तांत्रिक बाजूने सांगायचं तर त्याच्या पोलादाला नीट उष्णता-प्रक्रिया नाही, प्रूफ चाचणी नाही. फुटला की पहिला बळी धरणाऱ्याचा हात. मॉडरेटरनी वरची कमेंट उडवली तरी चालेल.

रावेर_केळीपट्टा

फार उपयोगी माहिती, आभारी आहे सगळ्यांचा. दोन प्रश्न राहिले. .३२ ला 'डास मारायची गोळी' म्हणतात, त्यात कितपत तथ्य? आणि घरच्या मंडळींनीही अर्ज केलाय, त्यांच्यासाठी 'निर्भीक' किंवा 'निडर' या हलक्या रिव्हॉल्व्हर कशा?

भुसावळ_जंक्शन

.३२ लाँगमध्ये ताकद कमी हे खरंय. ९८ ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण ७०० फुटांनी जाते, म्हणजे १४५ ज्यूलच्या आसपास. एसीपी हलकी पण वेगवान, १७० च्या जवळपास. ९ एमएमच्या निम्म्याहूनही कमी. पण ९ एमएम हा लष्करी बोअर, तो सामान्य परवान्यावर मिळतच नाही, तेव्हा ती तुलना करून काय उपयोग? जे मिळू शकतं त्यातच बघायचं.

आणि अचूकतेत .३२ लाँगला कुणी नावं ठेवू नयेत. २५ मीटर सेंटर-फायरच्या (प्रायमर बुडाच्या मधोमध असलेल्या काडतुसाच्या) आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नेमबाज हेच काडतूस वापरतात, चपट्या तोंडाच्या गोळीचं. झटका कमी, त्यामुळे दुसरी आणि तिसरी गोळीही निशाण्यावर जाते. खोलीभर अंतरावर हातातून सहाच्या सहा एका ताटलीत बसवणारा .३२ वाला, एक मारून पाच चुकवणाऱ्यापेक्षा बरा. मन्हं म्हणनं इतलंच शे.

'निर्भीक' २०१४ मध्ये आली तेव्हा तिची फार टर उडवली गेली. महिलांची बंदूक म्हणून जाहिरात, सव्वा लाखाच्या आसपास किंमत आणि दागिन्यांसारखी पेटी. ती टीका जाहिरातीवरची होती, वस्तूवरची कमी. टायटॅनियम मिश्रधातूची फ्रेम आणि वजन साधारण ५२५ ग्रॅम, म्हणजे नेहमीच्या .३२ पेक्षा चांगलीच हलकी. हलकी म्हणून झटका थोडा वाढतो, पण .३२ लाँगच असल्यामुळे सोसतो. अडचण ट्रिगरचीच. बोटांत ताकद कमी असलेल्याला डबल अ‍ॅक्शन जड जाते. घेण्याआधी ज्याने चालवायची त्यानेच दुकानात दहा वेळा ओढून बघावी. नवऱ्याने ओढून 'हलकीये' म्हणण्याला अर्थ नाही.

'निडर' .२२, अडीचशे ग्रॅमची, आठ गोळ्या. खिशात आहे हे विसरायला होतं. तिला खेळणं म्हणतात. .२२ हे रिमफायर काडतूस, त्यात प्रायमिंग (ठिणगीची पावडर) कडेत असतं आणि तिथे एखादी गोळी न उडणं सेंटर-फायरपेक्षा जास्त घडतं. रिव्हॉल्व्हर असल्यामुळे पुन्हा ट्रिगर ओढला की पुढची गोळी येते, हीच काय ती सोय. एकमेव शस्त्र म्हणून नाही सुचवणार. सरावाला मात्र उत्तम.

'प्रबळ'ही बघून ठेवा. २०२३ मध्ये आली. कानपूरचीच, .३२ च, पण टॉप-ब्रेक नाही. सिलिंडर बाजूला उघडतो, ७६ मिलिमीटर बॅरल, काडतुसांशिवाय ७०० ग्रॅम. कॅच सैल होण्याची भानगडच नाही. जाहिरातीतल्या ५० मीटरच्या पल्ल्यावर मात्र जाऊ नका. एवढ्या बॅरलवर १० मीटरपर्यंत गट जमला तरी पुष्कळ.

सातपुडा_पायथा

उन्हाळ्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे शस्त्र बिघडतं ते वापराने नाही, ठेवण्याने.

घाम. एप्रिल-मेमध्ये कमरेला लावलं की संध्याकाळी पुसलंच पाहिजे. घामातलं मीठ ब्लूइंगखाली (पोलादावरच्या निळसर-काळ्या थराखाली) शिरतं आणि दोन दिवसांत लालसर डाग येतो, आधी मुठीच्या कडेला आणि हॅमरच्या मागे. कोरडं फडकं, मग तेलाचा बोट फिरवल्याइतकाच थर. चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात कधीही ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि गंज होल्स्टरच्या आकाराचा उमटतो. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात ठेवली की पितळेवर हिरवं चढतं, आणि तसलं काडतूस चेंबरमध्ये अडकतं. प्लास्टिकच्या डब्यात ठेवा.

तेल कमीच. ४५ डिग्रीत पातळ तेल ओघळून चेंबरमध्ये उतरतं आणि भरून ठेवलेल्या काडतुसाच्या प्रायमरपर्यंत पोहोचतं. तेल शिरलेला प्रायमर मरतो. चेंबर कोरडे ठेवा, तेल फक्त बिजागरी, ताऱ्याची दांडी आणि हॅमरच्या बाजूला एकेक थेंब. शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल नको, हिवाळ्यात थिजतं. आणि काळ्या मातीची धूळ तेलाला चिकटली की तिचा पॉलिश पेपर होतो.

चाप ओढला आणि नुसतं 'टिक' झालं, तर तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवून तीस सेकंद थांबा, मग उघडा. कधी कधी प्रायमर उशिरा पेटतो. आवाज झाला पण नेहमीपेक्षा फुसका, तर लगेच थांबा. गोळी बॅरलमध्येच असू शकते. रिकामं करून दांडी घालून बघितल्याशिवाय दुसरी मारायची नाही. तापीकाठ यांनी सांगितलेली ती अंगठीसारखी सावली याच चुकीची.

सगळ्यात जास्त शस्त्रं कुठे खराब होतात माहितीये? आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा केल्यावर. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, एकामागून एक चालूच. महिने-महिने तिथे पडून राहतं, कधी पावसाळाभर. जमा करण्याआधी बॅरलमध्ये आणि बाहेरून नेहमीपेक्षा जाड तेल, वर मेणकागद, मग कापडी पिशवी. प्लास्टिकची पिशवी बंद करून नको, आत ओल धरते. पावतीवर मेक, बोअर, नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या, अंगावरचे ओरखडे दिसतील असे फोटो काढून ठेवा. परत घेताना ठाण्यातच नंबर पडताळा. घरी आल्यावर बॅरलमधलं तेल पूर्ण कोरडं केल्याशिवाय गोळी भरू नका.

धुळे_बायपास

वरच्यात एकच जोडतो. चाचणी शेतात किंवा विहिरीत नको, रेंजवरच. आणि वरातीत तर नकोच नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदात हवेत गोळ्या झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना जातो तो वेगळाच.

भुसावळ_जंक्शन

रावेरकर, एक राहिलं. बयाणा देण्याआधी परवान्याची प्रत नीट वाचा. शस्त्राच्या रकान्यात 'रिव्हॉल्व्हर' लिहिलंय, 'पिस्तूल' लिहिलंय की दोन्ही. नुसतं रिव्हॉल्व्हर असेल तर 'अशनी'चा विचार दुरुस्ती होईपर्यंत बाजूला. काडतुसांची मर्यादाही बघा, एका वेळी किती आणि वर्षाला किती. ती भरली की सराव थांबला. चाचणीला लागणारी काडतुसंही त्यातूनच जातात. पुंगळ्या फेकू नका, पुढच्या खरेदीच्या वेळी हिशोब विचारला जातो.

आणि काही जण सांगतील की वरणगावला आपलीच फॅक्टरी आहे, तिथून काडतुसं मिळतील. वरणगावचा माल सैन्याचा. परवान्यावरची .३२ खडकीची, तीही डीलरमार्फतच. खरेदी करताना डब्यावरचा लॉट नंबर लिहून ठेवा. एकाच लॉटच्या दोन-तीन गोळ्या फुसक्या गेल्या तर तो डबा सरावाला काढा आणि भरून ठेवायला दुसरा लॉट घ्या.